अनुग्रह नको, जबाब हवा

आगीचा बंब घंटा वाजवीत निघाला की सर्वांनी बाजूस व्हावे, हा नियम योग्यच आहे. ज्या वस्तीत पत्र्याची घरे एकमेकांस चिकटून उभी असतात, तेथील माणसास बंब वेळेवर येण्याचे मोल इतरांहून अधिक कळते. तेव्हा धुरात शिरणाऱ्या जवानाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते बंबाखाली माणूस सापडल्यानंतर कचेरीत जो व्यवहार सुरू होतो त्याविरुद्ध.

माझ्याकडे एक बाई आल्या. त्यांचा नवरा हातगाडी ओढीत असे. एका चौकात नगरपरिषदेच्या बंबाने त्यास उडविले आणि चौथ्या दिवशी इस्पितळात तो गेला. बाईंच्या हातात छापील पावती होती. ‘सानुग्रह अनुदान पूर्ण व अंतिम म्हणून मिळाले, यापुढे कोणताही दावा राहणार नाही,’ असा तिचा मजकूर. पावतीवर अंगठा उठविल्याखेरीज धनादेश मिळणार नव्हता. कारकुनाने सांगितले होते, “बाई, साहेबांनी दया म्हणून दिलंय, आणखी काय पाहिजे?” बाईंनी मला विचारले, “वकीलसाहेब, देऊ का अंगठा? घरात दाणा नाही.”

या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकातून उत्तर देणे सोपे आहे. दाणा नसलेल्या घरात ते उत्तर ऐकविणे सोपे नाही. तरीही मी ‘नको’ म्हटले, आणि बाईंनी ऐकले.

‘सानुग्रह’ म्हणजे अनुग्रहपूर्वक. अनुग्रह देव भक्तावर करतो, राजा प्रजेवर करतो. नगरपरिषद नागरिकावर कसला अनुग्रह करणार? तिची तिजोरी नागरिकाच्याच पैशाची. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या शिळी भाकरी कृपा म्हणून स्वीकारली, त्याला तरी या शब्दातील अपमान समजावून सांगावा लागू नये.

पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल झाला. नगरपरिषदेच्या कैफियतीतील पहिलाच मुद्दा असा की, अग्निशमन हे सार्वभौम कार्य आहे, सबब भरपाईची जबाबदारी नाही! हा मुद्दा कोठून आला ते वाचकांनी समजून घ्यावे. तो कंपनी सरकारच्या काळातून आला. कलकत्त्याजवळच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजूर आगबोटीच्या दुरुस्तीसाठी लोखंडाचा अवजड भाग वाहून नेत होते. तो रस्त्यावर आपटला, त्या आवाजाने एका गाडीचा घोडा बुजला आणि जखमी झाला. १८६१ साली तेथील न्यायालयाने भरपाई मान्य केली, कारण गोदी चालविणे हे काही राजाचे खास काम नव्हे. परंतु त्याच निकालातून ‘सार्वभौम’ आणि ‘असार्वभौम’ कार्य हा भेद जन्मास आला, आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील ३०० व्या अनुच्छेदाने राज्यावरील दाव्यांची जुनी मर्यादा, कायदेमंडळ नवा कायदा करीपर्यंत, चालू ठेवली. गोऱ्या सरकारचे हे वतन आपल्या कचेऱ्यांनी किती जिवापाड जपले आहे! ज्या इंग्लंडने ते दिले त्या इंग्लंडने १९४७ साली कायदा करून स्वतःच्या राजसत्तेचे हे कवच बव्हंशी उतरवून टाकले.

आपल्याकडे १९५२ साली उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत असता पायी चालणाऱ्या एका माणसास तिने ठार केले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला जबाबदार धरले आणि पंधरा हजार रुपयांची भरपाई कायम केली. पण १९६४ साली, पोलिसांच्या ताब्यातील सोने हवालदाराने लंपास केले त्या खटल्यात, त्याच न्यायालयाने सरकारला सोडून दिले. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनाही तो रुचला नव्हता, कायदेमंडळाने कायदा करावा असे त्यांनी त्यातच सुचविले. विधी आयोगाने तर १९५६ च्या आपल्या पहिल्याच अहवालात हे सांगितले होते. १९६५ आणि १९६७ साली विधेयके आली, आणि दोन्ही कायदा न होताच लयास गेली.

आता बंबाकडे येऊ. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे. रस्ते, पाणीपुरवठा, घनकचरा, आणि त्यांच्याच पंगतीत अग्निशमन सेवा. कचरा उचलणे जर राजाचे खास काम नसेल तर आग विझविणे कसे ठरेल? २०१७ च्या वाहन चालन विनियमांनी बंबास तांबडा दिवा ओलांडण्याची मुभा दिली आहे खरी, पण ती योग्य सावधगिरी बाळगूनच. घंटा वाजत होती एवढे म्हटल्याने ती सावधगिरी सिद्ध होत नाही. आमच्या प्रकरणात तर घंटा वाजत होती की नाही यावरच साक्षीदारांत मतभेद आहे.

हा रोग आपल्याच देशाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर एशियाना कंपनीचे विमान कोसळले. ३०७ जणांपैकी ३०४ वाचले. सोळा वर्षांची एक चिनी विद्यार्थिनी विमानाजवळ जमिनीवर पडली होती. काही जवानांनी तिला पाहिलेही होते, तरी तेथून तिला हलविले गेले नाही, आणि पुढे अग्निशामक दलाची दोन वाहने तिच्या अंगावरून गेली. वाहनाखाली येईपर्यंत ती जिवंत होती, असा निष्कर्ष तेथील मृत्युसमीक्षकाने जाहीर केला. या घटनेचे चित्रण एका अधिकाऱ्याच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यात होते. ते बाहेर येताच दलाच्या प्रमुखांनी काय केले? चित्रणबंदी शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यांनाही लागू आहे, असे फर्मान काढले! पुढे नगरप्रशासनाने, मुलगी आधीच मृत झाली होती, असा पवित्रा घेतला. फौजदारी खटला झाला नाही, आणि आईबापांनी लावलेला दावा २०१५ साली मागे घेतला गेला. त्या दिवशी त्याच दलाने अनेकांचे प्राण वाचविले हेही तितकेच खरे. परंतु तीनशे वाचविले म्हणून एकीचा हिशेब द्यायचा नाही, असे कोणत्या नीतीत बसते?

चौकशी खात्यानेच करायची, अहवाल खात्याच्याच कपाटात ठेवायचा, आणि दोष निघालाच तर चालकाच्या माथी मारायचा, ही रीत सर्वत्र एकच. चालकास सलग किती तास कामावर ठेवले होते, बंबाचे ब्रेक केव्हा तपासले, हे प्रश्न चालकाच्या वरच्या खुर्चीपर्यंत जातात, म्हणून ते विचारले जात नाहीत. ज्या चालकावर सारे ढकलले जाते तोही पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो.

एक सूचना येथेच करून ठेवतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा अर्ज सहा महिन्यांत करावा अशी तरतूद अमलात आली. त्या मुदतीच्या वैधतेस न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तथापि त्यावर विसंबून कोणी स्वस्थ बसू नये. खात्याच्या चौकशीची वाट पाहात बसणाऱ्याचे महिने खातेच खाऊन टाकते. आमचा अर्ज पाचव्या महिन्यात गेला.

चौकशीचा अहवाल आम्ही माहिती अधिकारात मागितला. ‘तपासास बाधा येईल’ असे उत्तर आले. बाधा कशी येईल हे सांगितलेले नाही, आणि नुसते शब्द उच्चारल्याने कायद्यातील तो अपवाद लागू होत नाही. पहिले अपील फेटाळले गेले. दुसरे दाखल आहे. त्यावर बाईंनी अंगठा न उठविता सही केली आहे. तेवढे अक्षर त्यांनी मधल्या काळात मुलीकडून गिरवून घेतले.