आठ वार कशाला, चारही पुरतात

ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर स्कॉटलंडचा फुटबॉल सामना असला की दुपारपासूनच रस्त्यांवर किल्ट दिसू लागतात. वर संघाची गडद निळी जर्सी, खाली चौकटींचा किल्ट, पायात घोट्यापर्यंत खाली सरकवलेले जाड मोजे आणि भक्कम बूट. ‘टार्टन आर्मी’ म्हणून ओळखले जाणारे हे पाठीराखे जून २०२४ मध्ये युरो स्पर्धेच्या सलामीच्या सामन्यासाठी म्युनिकला गेले, तेव्हा तिथला मारिएनप्लाट्झ चौक त्यांनी भरून टाकला होता. पावसात भिजायचं, अंगावर बिअर सांडून घ्यायची, रात्रीच्या गाडीत बसल्या जागी झोपायचं, अशा प्रवासात लग्नासाठी शिवलेला ८०० पौंडांचा किल्ट कुणी सहसा घालत नाही. त्यासाठी वेगळा किल्ट लागतो: स्वस्त, दणकट आणि डाग पडला तरी जीव कळवळू नये असा.

असा किल्ट घ्यायला निघालेल्या माणसाला स्कॉटलंडमध्ये हमखास दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक म्हणतो, आठ वारी, शुद्ध लोकरी आणि हाताने शिवलेला नसेल तर तो किल्टच नव्हे. दुसरा थेट पर्यटकांच्या दुकानाकडे बोट दाखवतो आणि चाळीस पौंडांत काम भागवायला सांगतो. दोघांचंही ऐकू नये. त्या दोन टोकांच्या मधे चांगला, परवडणारा आणि परंपरेलाही धरून असलेला किल्ट मिळतो. मात्र पैसे कशात वाचवायचे आणि कशात नाही, हे आधी ठरवावं लागतं.

महाग किल्ट महाग का असतो, ते आधी पाहू. पूर्ण किल्टला आठ वार, म्हणजे सुमारे सव्वासात मीटर कापड लागतं. नऊवारीचं बरंचसं कापड जसं निऱ्यांत आणि काष्ट्यात जातं, तसंच इथं बहुतेक कापड पाठीमागच्या चुण्यांत जातं. पुढे मात्र एकावर एक येणारे दोन सपाट पल्लेच असतात. लोकर घट्ट विणीची आणि जड असते. जाड कापडाचा आठ वारी किल्ट दीड-दोन किलो सहज भरतो. तो हाताने शिवायला अनुभवी कारागिरालाही दोन-तीन दिवस लागतात. त्यामुळे ५०० पौंडांच्या पुढची किंमत अवाजवी म्हणता येत नाही. ब्रिटनमधल्या ‘हेरिटेज क्राफ्ट्स’ या संस्थेने धोक्यात आलेल्या हस्तकलांच्या यादीत किल्ट शिवण्याच्या कलेचं नाव घातलं आहे. ज्याला परवडतं, त्याने अशा कारागिराकडून किल्ट जरूर शिवून घ्यावा.

पण आठ वार ही काही अनादी काळापासूनची अट नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँड्समधला माणूस वापरायचा ते न शिवलेलं लांबलचक कापड. तो ते चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधायचा, वरचा भाग खांद्यावर घ्यायचा आणि रात्री तेच पांघरून झोपायचा. अठराव्या शतकात खालचा अर्धा भाग तेवढा राहिला आणि पुढे त्याच्या चुण्या शिवल्या जाऊ लागल्या. शिवलेल्या किल्टांपैकी आज जपून ठेवलेला सर्वांत जुना नमुना १७९२ च्या सुमाराचा मानला जातो. त्या काळच्या किल्टला चार वारांच्या आसपासच कापड लागे आणि चुण्या रुंद, बॉक्स प्लीटच्या असत. एकोणिसाव्या शतकात चुण्या अरुंद आणि दाट होत गेल्या, तसं कापड वाढत वाढत आठ वारांवर गेलं. म्हणजे आज चार-पाच वारी ‘कॅज्युअल किल्ट’ घेणारा माणूस परंपरेशी तडजोड करत नाही. त्याचा किल्ट मापाने उलट जुन्याच्या अधिक जवळ जातो.

म्हणून पहिली बचत वारांतच करावी. कापड निम्मं झालं की वजन उतरतं, किंमतही उतरते. चालताना चुण्यांचा झोका थोडा कमी पडतो, पण उन्हाळ्यात किंवा डोंगर चढताना हलका किल्टच सोयीचा पडतो.

दुसरी बचत धाग्यात. लोकरीऐवजी पॉलिएस्टर आणि व्हिस्कोसच्या मिश्रणाचं कापड आता सर्रास वापरलं जातं. दुकानदार त्याला नुसतं ‘पीव्ही’ म्हणतात. यॉर्कशायरमधली मार्टन मिल्स असं टार्टन, म्हणजे किल्टचं चौकटींचं कापड, विणते. हे कापड दिसायला लोकरीच्या बरंच जवळ जातं, इस्त्रीची घडी चांगली धरतं आणि घरच्या वॉशिंग मशीनमध्ये धुता येतं. मापानुसार शिवलेला पाच वारी पीव्ही किल्ट साधारण १०० ते १५० पौंडांत मिळू शकतो. ज्यांना लोकर टोचते, त्यांची तर मोठीच सोय झाली आहे.

एडिंबरोच्या रॉयल माईलवर टांगलेले तीस-चाळीस पौंडांचे किल्ट बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे असतात. एका संध्याकाळपुरते ते चालतात. रोज घालायचा असेल तर तो हातात घेऊन नीट पाहावा. आधी आतली चिठ्ठी वाचावी. धाग्याचं प्रमाण त्यावर लिहिणं ब्रिटनमध्ये कायद्याने बंधनकारक आहे. मग खालची कड बघावी. चांगल्या किल्टला खाली दुमड नसते, तिथे मागावरचा कापडाचा स्वतःचाच काठ येतो. स्वस्त मालात कापड मधेच कापून, दुमडून शिलाई मारलेली असते. दुमडीमुळे कड फुगते आणि चुण्या सरळ पडत नाहीत. त्यानंतर पाठ बघावी. नीट बेतलेल्या किल्टमध्ये चुण्या मिटल्या की मागेही पुढच्यासारखीच चौकट पूर्ण जुळून येते. सैनिकी पद्धतीत प्रत्येक चुणीवर एकच ठरावीक पट्टा येतो. दोन्ही बरोबर. पण पट्टे कसेही तुटलेले, एक वर एक खाली दिसले, तर कापड न मोजताच चुण्या घातल्या आहेत असं समजावं. शेवटी कमरेपासून नितंबांपर्यंत चुण्या टाक्यांनी पक्क्या बसवल्या आहेत की नुसत्या इस्त्रीने दाबल्या आहेत, हे बोटांनी चाचपून पाहावं.

बॅगपाइपांसारखेच स्वस्त किल्टही मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातल्या सियालकोटमधून येतात. तिथल्या मालात चांगलंही असतं आणि वाईटही. गावाच्या नावावरून निर्णय घेण्यापेक्षा वरच्या तीन-चार खुणा तपासणं अधिक उपयोगाचं.

ज्याला खरी लोकर हवी आणि खिसा मात्र हलका आहे, त्याने जुन्या किल्टांकडे वळावं. स्कॉटलंडमध्ये लग्नासाठी पोशाख भाड्याने देणारी दुकानं ठिकठिकाणी आहेत आणि वापरून झालेले किल्ट ती अधूनमधून विकायला काढतात. हे किल्ट अनेकांच्या अंगावर जायचे म्हणून मुळातच मजबूत शिवलेले असतात. एडिंबरोच्या ग्रासमार्केटमधलं आर्मस्ट्राँग्स हे १८४० पासूनचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. ट्वीडचे कोट आणि किल्ट धुंडाळायला लोक तिथे जातात. धर्मादाय संस्थांच्या दुकानांतही एखाद्या आजोबांचा हाताने शिवलेला आठ वारी किल्ट नव्या पीव्ही किल्टच्या भावात सापडू शकतो. तिथे कसरीने पाडलेली भोकं मात्र उजेडासमोर धरून तपासावीत.

मापात बचत करून चालत नाही. सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच, कारण लोक पॅन्टचा नंबर सांगून मोकळे होतात. किल्ट पॅन्टपेक्षा वर, बेंबीच्या पातळीवर बसतो. म्हणून तिथला घेर टेपने मोजावा, नितंबांचा सर्वांत मोठा घेर वेगळा मोजावा आणि बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतची लांबी दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावी. स्वतः वाकून मोजलं की लांबी चुकते. घालून पाहताना गुडघे टेकून बसावं. कड जमिनीपासून जेमतेम वर राहिली पाहिजे. पुरुषाच्या किल्टचा वरचा पल्ला डावीकडून येऊन उजवीकडे बांधला जातो आणि शोभेची पिन फक्त त्याच पल्ल्यात खोचतात, कारण दोन्ही पल्ले एकत्र टोचले की कापड फाटतं.

मग प्रश्न येतो टार्टनचा, म्हणजे कुळाकुळाची ओळख मानल्या जाणाऱ्या चौकटींच्या नक्षीचा. ‘आमचं स्कॉटिश कुळ नाही, मग कुठलं घालायचं?’ या काळजीने कितीतरी लोक मागे सरतात. कुळाबाहेरच्या माणसाने एखादं टार्टन घालू नये, असा कायदा नाही. राजघराण्याचं बाल्मोरल टार्टन तेवढं रिवाजाने राखीव आहे. ब्लॅक वॉच आणि रॉयल स्ट्युअर्ट ही टार्टन सगळीकडे तयार मिळतात, म्हणून ती स्वस्तही पडतात. एखाद्या लहान कुळाचं टार्टन खास विणून घ्यायचं तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. २००९ पासून स्कॉटलंड सरकारची टार्टन-नोंदवही सर्वांना मोफत पाहता येते, तिथे हवं ते शोधावं. सरकारने या कपड्यावर खरोखर बंदी घातली होती ती कलोडनच्या लढाईनंतर. १७४६ च्या कायद्याने हायलँड्समधल्या सामान्य पुरुषांना किल्ट घालायला मनाई केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षांची सागरापार हद्दपारी. बंदी १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉट यांनी त्या भेटीचा थाट आखला आणि गुराख्यांचा कपडा दरबारी पोशाख होऊन बसला. लग्न-समारंभाच्या कपाटात अडकलेल्या किल्टला पुन्हा रस्त्यावर आणायचं असेल, तर तो चारचौघांना परवडायलाच हवा.

तसं करून दाखवणारे लोक आहेत. एडिंबरोचे हॉवी निकल्सबी स्वतः रोज किल्ट घालतात आणि डेनिम, ट्वीड, चामडं अशा कापडांत तो शिवतात. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २००० साली युटिलिकिल्ट्सने सुती कापडाचा, मोठ्या खिशांचा किल्ट बाजारात आणला. सुतार आणि गवंड्यांनीही तो कामावर घातला.

खरेदी करताना पैसे आधी किल्टमध्ये घालावेत, साजशृंगारात नंतर. लेसवाले खास बूट, मोज्यात खोचायची सुरी, चांदीची बक्कलं यांच्यावाचून रोजचं काहीच अडत नाही. नेहमीचे बूट, जाड मोजे, साधा टी-शर्ट किंवा स्वेटर पुरतो. पारंपरिक किल्टला खिसा नसतो, म्हणून एक साधी चामडी स्पोरन, म्हणजे कमरेला पुढे लटकवायची पिशवी, मात्र घ्यावी. पाकीट आणि फोन दुसरीकडे ठेवायला जागाच नसते.

आणि थोडे पैसे किल्टमेकरसाठी राखून ठेवावेत. जुना किल्ट घेतला तरी पट्टे आणि बक्कलं सरकवणं, अस्तर बदलणं, उसवलेल्या चुण्या पुन्हा बसवणं ही कामं त्याच्याकडूनच करून घ्यावी लागतात आणि हाताने शिवणाऱ्याला त्यातून मिळकतही होते. नीट शिवलेल्या किल्टच्या चुण्यांत भरपूर कापड दडलेलं असतं, त्यामुळे काही वर्षांनी कंबर दोन इंच वाढली तर तोच कारागीर तोच किल्ट उसवून नव्या मापाला पुन्हा बसवून देतो.