दरवाजे पाहिले, आता नहरही पाहा

रमजान सुरू झाला की शहागंज, सिटी चौकाकडे साऱ्या शहराची पावले वळतात. खजूर, शेवया आणि नान-खलियाला धर्म विचारायची गरज नसते. ईद सरली की मात्र वर्षभर या गल्ल्यांकडे फारसे कुणी फिरकत नाही. म्हणूनच मला 'हेरिटेज वॉक' महत्त्वाचा वाटतो. खाण्याचे निमित्त नसतानाही तो माणसांना जुन्या वस्तीत पायी घेऊन येतो.

यंदा रोजाच्या दिवसांत विद्यार्थ्यांबरोबर भडकल दरवाजा ते पाणचक्की अशा फेरीत चाललो. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने १६१२ मध्ये हा दरवाजा बांधला, असे मार्गदर्शकाने सांगितले. फोटो निघाले आणि सगळे पुढे सरकले. वाटेत ओट्यावर बसलेले एक बुजुर्ग म्हणाले, "दीवाराँ देखे, अब हमना बी कुछ पूछो." मग त्यांनी लहानपणी घरच्या हौदात नहरीचे पाणी कसे यायचे, ते सांगितले. फेरीतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली. तेव्हाच्या पुऱ्यांमध्ये मालपुरा, खेलपुरा, परसपुरा अशी भोसले घराण्यातल्या सरदारांची नावे होती. या शहरासाठी त्याने डोंगराकडचे भूगर्भातले पाणी केवळ उताराच्या बळावर, मातीच्या नळांतून आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे पाणचक्कीवर असेच दुरून आणलेले पाणी जाते फिरवू लागले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-वाटसरूंसाठी पीठ दळले जाऊ लागले.

दिवसभर घसा कोरडा असताना ही गोष्ट ऐकली की पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. तहानलेल्याला पाणी पाजणे हे आमच्याकडे मोठे पुण्य मानतात. विहीर किंवा नहर बांधणाऱ्याच्या माघारीही ते सुरू राहते, म्हणून त्याला सदका-ए-जारिया म्हणतात. पाणपोई घालणाऱ्या माझ्या मराठी शेजाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. शहराच्या नावावरून आपण कितीही वाद घालू, नळाला पाणी कधी येणार, ही चिंता मात्र साऱ्या गल्ल्यांची एकच आहे.

म्हणून या फेऱ्यांची आखणी थोडी बदलावी. दरवाजांबरोबर नहरीचा मार्गही दाखवावा, जागोजागी मराठी आणि उर्दूत फलक लावावेत. मोहल्ल्यातल्या जाणत्यांना बोलते करावे, तिथल्या तरुणांना मार्गदर्शनाचे काम मानधनासह द्यावे. मराठी आणि उर्दू शाळांच्या मुलांनी ही फेरी एकत्र करावी. खोदकामात नहरीचा नळ फुटला तर आपले काहीतरी गेले, असे वाटायला ती आधी माहीत तरी हवी.

शीरखुर्मा प्यायला तुम्ही येणारच आहात. ईदनंतरच्या एखाद्या साध्या रविवारीही या. सकाळी लवकर, पायी.