मीटरचा लाल दिवा काय सांगतो

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनी वीजबिल हातात घेऊनच आल्या. गणपतीत त्यांनी जुना ३२ इंची टीव्ही काढून ५५ इंची घेतला. दुकानात सांगितलं होतं, "पाच स्टार आहे, बिल कमीच येईल." बिल मात्र वाढलं. "मीटर बिघडलाय का गं?" असं त्या विचारत होत्या.

आम्ही दोघी जिन्याखालच्या मीटरबोर्डापाशी गेलो. त्यांच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला आहे. म्हणजे त्यावरचा बारीक लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. (काही मीटरवर हा आकडा १६०० असतो.) घरातला फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद केलं आणि फक्त टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स चालू ठेवला. दिवा साधारण दर १० सेकंदांनी लुकलुकत होता. हिशेब केला तर ११० वॅट. मग माझ्या घरचा ३२ इंची एलईडी तसाच एकटा लावून पाहिला. तिथे २८ सेकंदांनी एकदा, म्हणजे ४० वॅट. मीटर धडधाकट होता आणि वहिनींच्या टीव्हीवरचे पाच स्टारही खरे होते.

चूक स्टार वाचण्यात होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने, म्हणजे बीईईने, २००६ साली स्टारची पद्धत आणली. टीव्हीला स्टार देताना पडद्याचं क्षेत्रफळ धरतात. त्यामुळे पाच स्टारचा ५५ इंची टीव्ही त्याच मापाच्या कमी स्टारवाल्यापेक्षा काटकसरी असतो. तो ३२ इंचीपेक्षा कमी वीज घेईल, असं ते लेबल कुठेच म्हणत नाही. शिवाय इंच मोजतात ते पडद्याच्या कर्णावर. ३२ वरून ५५ वर गेलं की पडदा जवळपास तिप्पट होतो. वहिनींचा नवा टीव्ही जुन्यापेक्षा ६० वॅट जास्त घेत असेल, तर रोज सहा तासांनी महिन्याला अकराएक युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरचं युनिट जवळपास दुप्पट महाग पडतं. ही वाढ नेमकी तिथे पडली की बिलात दिसते.

तंत्रज्ञानाला मात्र दोष देता येणार नाही. २१ इंची जुना डबा, म्हणजे पिक्चर ट्यूबचा टीव्ही, ७०-८० वॅट घ्यायचा. आजच्या ५५ इंचीचा पडदा त्याच्या सहापट आहे, पण वीज सहापट लागत नाही. मधल्या काळात प्लाझ्मा आला. त्याच्या प्रत्येक ठिपक्यात वायू पेटवून उजेड काढावा लागे, त्यामुळे ४२ इंची संच सहज २०० वॅटच्या वर जाई. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा थांबवला, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. सुरुवातीच्या एलसीडीत पडद्यामागे बारीक ट्यूबलाइट असायच्या. त्यांच्या जागी एलईडी आले आणि विजेचा खप बराच उतरला. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळोखाच्या दृश्यात तो फार थोडी वीज घेतो आणि बातम्यांच्या झगझगीत पट्ट्यांवर जास्त. म्हणजे तंत्राने वाचवलेली वीज आपण पडदा मोठा करून वापरून टाकली.

त्या दिवशी सर्वांत जास्त धक्का मात्र बॉक्सने दिला. वहिनींनी रिमोटने टीव्ही बंद केला, तरी मीटरचा दिवा थांबला नाही. जवळपास दोन मिनिटांनी एकदा तो लुकलुकतच राहिला. म्हणजे १० वॅट, आणि तेही चोवीस तास. दिवसाला २४० वॅट-तास. माझा ४० वॅटचा टीव्ही सहा तासांत बरोबर तेवढीच वीज घेतो! भिंतीवरचं बटण बंद केलं, तेव्हा कुठे दिवा गप्प झाला.

एका घरात दहा वॅट म्हणजे काहीच नाही. एक कोटी घरांत ते १०० मेगावॅट होतात, रात्रंदिवस, कोणी काही बघत नसताना. त्यासाठी चंद्रपूरला कोळसा जळतो, आणि त्याची राख व धूर तिथली माणसं सोसतात. म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. लेबलवर वर्षाच्या युनिटांचा आकडा असतो. तो रोज सहा तास चालू आणि अठरा तास स्टँडबाय असं धरून काढलेला असतो. तो स्टारपेक्षा मोठ्या अक्षरात छापा, आणि दुकानात किमतीच्या शेजारी लावा. दुसरी मागणी डीटीएच आणि केबलवाल्यांकडे: बंद केल्यावर खरोखर झोपणारा बॉक्स द्या. ग्राहकाने रोज उठून बटण शोधावं, हा काही उपाय नव्हे.

आमच्या गावी १९८७ साली 'रामायण' बघायला ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे आणि तिच्यावर १४ इंची कृष्णधवल टीव्ही चालवायचे. तो किती वीज घेतो हे पोराटोरांनाही कळायचं, कारण बॅटरी उतरली की चित्र आक्रसत जायचं. आज ते दिसत नाही, एवढंच.

माझी आई दिवसभर टीव्ही लावून ठेवते. तिला तो सोबतीला लागतो. त्याचं दिवसाचं अर्धं युनिट मी कधीच मोजणार नाही. चित्राचा 'व्हिव्हिड' मोड तेवढा काढून टाकला. दुकानातल्या उजेडासाठी ठेवलेला तो भडकपणा तिच्या डोळ्यांनाही टोचायचा आणि त्याला वीजही जास्त लागायची. रात्री झोपायला जाताना ती आता भिंतीवरचं बटण बंद करते आणि मला विचारते, "दिवा थांबला का गं?" मी खाली जाऊन बघून येते.