‘छान आहे’च्या पुढे

घरात नवा कॅमेरा आला, की पहिली पाळी बहुधा आजीची असते. ती एका जागी शांत बसते आणि नातवाला नकार देत नाही. मनमाडमधील एखाद्या घराच्या ओट्यावर काढलेले तिचे छायाचित्र घटकाभरात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पोहोचते. पुण्याची आत्या, सुरतचे काका, बंगळुरूची बहीण, सर्वांचे उत्तर एकच असते : “छान!” हे उत्तर खोटे नसते. मात्र ते आजीविषयी असते, छायाचित्राविषयी नसते. आजी दिसली, याचा तो आनंद असतो. नातवाला वाटते, आपल्याला हे काम जमले. बहुतेक नवोदितांची प्रगती येथेच थांबते.

व्यक्तिचित्र हा केवळ हौसेचा विषय असता, तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु आपल्या घरांत छायाचित्राला मोठी कामे करावी लागतात. वधू-वर परिचय पुस्तिकेत ते माणसाच्या आधी परक्या घरी जाते. आणि घरातील वडीलधारी व्यक्ती गेली, की त्या दुःखातच एका चांगल्या फोटोची शोधाशोध सुरू होते. कोणाच्या तरी लग्नातील गर्दीतून चेहरा कापून काढला जातो, नाहीतर आधार कार्डावरील धूसर छबी मोठी केली जाते. पुढे कितीतरी वर्षे चंदनाच्या हारामागे तीच राहते. पतवंडे आपल्या पणजोबांना तेवढ्याच चेहऱ्याने ओळखतात. म्हणून घरात छायाचित्रण शिकणाऱ्याला आपल्या कामातील उणीव वेळेवर कळणे, ही साऱ्या घराच्या हिताची गोष्ट आहे.

ही कला आपल्याकडे रुजली तीच मुळी एकमेकांना दाखवत आणि विचारत. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्याशी निगडित होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. केलेले काम जाणत्या मंडळींसमोर मांडावे, त्यांचे ऐकावे आणि पुन्हा कामाला लागावे, हा अशा मंडळांचा शिरस्ता होता.

लाला दीनदयाळ यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत, आणि तोही नोकरी सांभाळून. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना उत्तेजन दिले. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, १८९४ मध्ये ‘राजा’ हा किताब मिळाला आणि १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही चित्रशाळा उघडली. मनमाडला येऊन मिळणाऱ्या एका लोहमार्गाचे दुसरे टोक सिकंदराबादला आहे. तेथेही त्यांची मोठी चित्रशाळा होती. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हचा मोठा संग्रह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहे. नोकरीत असलेल्या एका हौशी माणसाचे काम जाणत्यांच्या नजरेस पडले, हा या साऱ्या प्रवासाचा आरंभ होय.

आता प्रश्न असा, की मनमाडच्या तरुणाने कोणाला विचारावे? उत्तर असे, की तीन जणांना विचारावे आणि प्रत्येकाला वेगळे विचारावे.

पहिला मान ज्याचे छायाचित्र आहे त्याचा. ते इतरांना पाठवण्यापूर्वी त्या व्यक्तीला दाखवणे, हा साधा शिष्टाचार आहे. “आवडला का?” असे न विचारता “यात तुम्हाला तुम्ही दिसता का?” असे विचारावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. माणूस स्वतःचा चेहरा आरशात पाहतो आणि आरशात डावे-उजवे उलटते. छायाचित्रात चेहरा जगाला दिसतो तसा येतो. त्यामुळे स्वतःचा फोटो अनेकांना किंचित परका वाटतो. तेव्हा आजीने नाक मुरडले, तर तो लगेच छायाचित्रकाराचा दोष ठरत नाही.

दुसरे विचारायचे ते घरच्यांना. प्रकाशाचे गणित त्यांना ठाऊक नसेल, पण आजोबा विचारात असताना ओठ कसे मिटतात, हे आजीइतके कोणाला माहीत असणार? “हे त्यांचे नेहमीचे हसणे नव्हे,” एवढे एक वाक्य पुष्कळ शिकवून जाते. घरच्यांना साम्य विचारावे, तंत्र विचारू नये.

तिसरा जाणकार. प्रत्येक गावात वर्षानुवर्षे लग्ने आणि पासपोर्ट फोटो काढणारा एखादा स्टुडिओवाला असतो. त्याच्याकडे दुपारच्या निवांत वेळी जावे. मोबाईलमधील पन्नास चित्रे दाखवू नयेत. निवडून पाच काढावीत, शक्य तर त्यांच्या प्रती छापून न्याव्यात. “कसे आहेत?” या मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते. “चेहरा काळवंडला तो का?” असे नेमके विचारावे. आणि ते बोलत असताना “त्या दिवशी ऊन फार होते” ही सबब मध्येच आणू नये.

जाणकाराच्या नजरेला काय दिसते? जवळच्या डोळ्यावर फोकस आहे की कानावर गेला आहे. डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका आहे की डोळे विझलेले आहेत. डोक्यामागून विजेचा खांब उगवला आहे का. मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ नेल्यामुळे नाक मोठे आले आहे का. असे झाले असल्यास दीड-दोन मीटर मागे सरकून दुप्पट झूम वापरणे, हा सोपा उपाय. आजोबांचा पांढरा सदरा आणि टोपी यांनी चौकट भरली, की कॅमेरा फसतो, एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा सावळा पडतो. तेथे उजेडाची मात्रा हाताने थोडी वाढवावी लागते. मनमाडच्या भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबण्या काळ्या होतात. तेच माणूस दाराच्या उंबरठ्याआत, बाहेर तोंड करून बसवले, की उजेड मऊ होतो. हा फरक पाहायचा असेल, तर मनमाडजवळच्या टंकाईच्या उतारावरील जैन लेण्यांत जावे. दारातून आत येणारा प्रकाश दगडी चेहऱ्यांवर कसा उतरतो, ते तेथे निवांतपणे पाहता येते.

अभिप्राय एकमेकांविरुद्ध जातात, तेव्हा खरी कसोटी लागते. जाणकार म्हणतो, सुरकुत्यांवरची ही छाया उत्तम आहे. सूनबाई म्हणतात, चेहरा जरा गोरा करून सुरकुत्या पुसून टाका. मोबाईल हे क्षणात करून देतो. परंतु परिचय पुस्तिकेतील रंग प्रत्यक्ष भेटीत उतरला नाही, तर संकोच त्या मुलीच्या वाट्याला येतो. आणि ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या पुसल्या, की भिंतीवर राहतो तो आजीसारखा दिसणारा कोणी दुसराच चेहरा. येथे छायाचित्रकाराने नम्रपणे, पण ठामपणे खऱ्या चेहऱ्याच्या बाजूने उभे राहावे.

अभिप्राय देणाऱ्यांचेही काही कर्तव्य आहे. चांगला लेखापरीक्षक नोंद तपासतो, माणसाला नावे ठेवत नाही. “तुला काही येत नाही” आणि “वा, फारच सुंदर” या दोन्ही शेऱ्यांतून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. काय साधले ते एक आणि काय सुधारावे ते एक, एवढे सांगितले तरी पुरे. शिकणाऱ्याने ते तारीखवार वहीत टिपावे. आठवड्याने त्याच व्यक्तीला, त्याच जागी बसवून फक्त एकच गोष्ट बदलावी आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात.

हे सारे करण्यासाठी महागडी लेन्स लागत नाही. आजी-आजोबांना मात्र पुन्हा एकदा ओट्यावर येऊन बसावे लागते. ते आनंदाने येतात. तोवर त्यांना विचारून घ्यावे : भिंतीवर आपला कोणता फोटो असावा, असे त्यांना वाटते? हा अभिप्राय आज मिळू शकतो. पुढे कधीतरी तो देणारे घरात नसतील.