बंद नेमकी कधी पडली?

सेल्फ मारताच चालू होणारी आणि लगेच बंद पडणारी जुनी गाडी गॅरेजमध्ये आली, की बहुतेक ठिकाणी आधी कार्बोरेटर उघडला जातो. पाठोपाठ प्लग, पॉइंट, कंडेन्सर बदलतात. गाडी तशीच राहते, मालकाचं बिल तेवढं वाढतं. खरं तर इंजिन एकदा पेटलं याचाच अर्थ कॉम्प्रेशन आहे, टायमिंग जवळपास जागेवर आहे आणि त्या क्षणी करंटही होता, पेट्रोलही होतं. मग यातलं नंतर काय तुटलं? त्याचा माग बंद पडण्याच्या वेळेत असतो, आणि ती वेळ मालकाला फार थोडे मेकॅनिक विचारतात.

चावी सोडताक्षणी इंजिन बंद पडलं, तर आधी विजेकडे पाहावं. पॉइंटच्या बऱ्याच गाड्यांत कॉइलला दोन वाटांनी पुरवठा असतो. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज उतरतो, म्हणून तेवढ्यापुरती कॉइलला थेट वीज मिळते. चावी मागे आली की तीच वीज बॅलास्ट रेझिस्टरमधून जाते. रेझिस्टर आतून तुटला असेल, तर इंजिन तिथेच संपतं. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या डॉज, प्लिमथ गाड्यांचा फायरवॉलवरचा चिनी मातीचा रेझिस्टर यासाठी इतका प्रसिद्ध होता, की अमेरिकेतले जाणते मालक एक जादा रेझिस्टर डॅशच्या कप्प्यात ठेवत.

तपासायला टेस्ट लॅम्प पुरतो. तो कॉइलच्या प्लसवर लावावा. सेल्फ फिरताना पेटला आणि चावी सोडल्यावर विझला, तर दोष रेझिस्टरमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा इग्निशन स्विचमध्ये आहे. रेझिस्टरची दोन टोकं वायरने जोडल्यावर इंजिन चालू राहिलं, तर रेझिस्टरच गेलेला आहे. मात्र ती वायर तशीच ठेवून गाडी मालकाच्या हाती कधीही देऊ नये. पॉइंट जळतात, कॉइल तापते.

जुन्या इंजेक्शनच्या गाड्याही असंच फसवतात. बॉशच्या एल-जेट्रॉनिकच्या अनेक गाड्यांत सेल्फ फिरताना पेट्रोल पंपाला वेगळा पुरवठा असतो. त्यानंतर हवा मोजणारी झडप उघडली, तरच पंप चालू राहतो. तिथला संपर्क खराब झाला किंवा झडपेच्या पुढचा रबरी नळ फाटला, की पंप थांबतो.

काही सेकंद नीट चालून मग धापा टाकत बंद पडणारी गाडी वेगळी. ती फ्लोट चेंबरमध्ये साठलेल्या पेट्रोलवर चाललेली असते. प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीत अशा वेळी इंजिनवरचा पेट्रोल पंप (एसी पंप), त्याचा डायफ्राम आणि कार्बोरेटरच्या तोंडाची जाळी पाहावी. कॉइलची वायर काढून, पंपाची नळी बाटलीत सोडून सेल्फ मारला, की उत्तर मिळतं. चोक आत ढकलताच स्लो धरत नसेल, तर स्लो जेट, कार्बोरेटरवरचा सोलेनॉइड आणि मॅनिफोल्डमधून शिरणारी चोरटी हवा तपासावी. चावी फिरवल्यावर सोलेनॉइडची टकटक ऐकू येते का, हे पाहायला पानाही लागत नाही. दोनेक सेकंदांत हमखास बंद पडणाऱ्या गाडीत इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो का, ते बघून घ्यावं. आणि काही किलोमीटर चालून थांबणाऱ्या गाडीच्या टाकीचं झाकण उघडून पाहावं, त्याचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं.

या सगळ्यात आता इंधनही बदललं आहे. २०२५ पासून देशभरातल्या पंपांवरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. कार्बोरेटरचे जेट हे ओळखू शकत नाहीत, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि आधीच कमजोर असलेला स्लो कोसळतो. जुन्या रबरी नळ्या, डायफ्राम यांनाही इथेनॉल सोसत नाही. अशा गाडीत इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवणं हे कामच आहे, मालकावर लादलेला जादा खर्च नव्हे.

जॉब कार्डवर ‘चालू होऊन बंद पडते’ एवढंच लिहिणं प्रत्येक गॅरेजने थांबवावं. चावी सोडताना की नंतर, किती सेकंदांनी, चोक ओढलेला होता का, इंजिन गार होतं की गरम, एवढं मालकासमोर विचारून लिहावं. पाना हातात घेण्याआधी गाडी एकदा स्वतः चालू करून ती वेळ घड्याळावर मोजावी.