दोन कार्डं, एक जू

मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये एक समज साथीसारखा पसरलाय. कोणाचा पीसी जुना झाला की शेजारच्या रूममधून सल्ला ठरलेलाच, "कायले नवा घेतो बे? अजून एक ग्राफिक्स कार्ड टाक, स्पीड डबल होते!"

मीही ऐकला. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचा आय-५ आणि त्यावर जीटीएक्स १०६०. पैसे घरच्या सोयाबीनच्या पट्टीतून येतात, तेव्हा मेसच्या पैशांतून थोडे थोडे वाचवून सात हजारांत तसंच दुसरं जुनं कार्ड आणलं. बसवायला घेतलं, तर दोन कार्डांना जोडणारा पूल लावायला वर जागाच नाही! २०१६ साली १०६० बाजारात आलं, तेव्हाच त्यात एसएलआय दिलेलं नव्हतं. चूक विकणाऱ्याची नाही, माझीच. मी काही वाचलंच नव्हतं.

मग वाचायला बसलो. ही कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्सची दोन वूडू-२ कार्डं स्क्रीनवरच्या ओळी एकाआड एक वाटून घ्यायची. पुढे एजीपीचा जमाना आला. बोर्डावर एजीपीची खाच एकच, म्हणून जोडी मागे पडली. पीसीआय एक्स्प्रेस आल्यावर २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणलं, २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर. एक फ्रेम या कार्डाने काढायची, पुढची त्या कार्डाने. पण पुढच्या फ्रेमला मागच्या फ्रेममधलं काही लागलं, की एक कार्ड दुसऱ्याची वाट पाहत बसतं. मेमरीचंही तसंच. दोन्ही कार्डांत तोच माल भरावा लागतो, म्हणून ६ जीबी अधिक ६ जीबी बरोबर ६ जीबीच! शेवटी २०२१ पासून एनव्हिडियाने एसएलआयचे नवे प्रोफाइल देणंच थांबवलं. म्हणजे गेमसाठी हा रस्ता संपला.

मग ते दुसरं कार्ड वाया गेलं का? नाही. आणि माझा मुद्दा इथेच सुरू होतो.

एका जुवातली बैलजोडी पाहा. एक मागे रेंगाळला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं. पण दोन भावांची शेतं वेगळी, औतं वेगळी असली, तर कोणी कोणासाठी थांबत नाही. आमचा प्रोजेक्ट कपाशीच्या पानांच्या फोटोंवरून रोग ओळखण्याचा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सेटिंग देऊन पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं. एका कार्डावर एक सेटिंग लावली, दुसऱ्यावर दुसरी. दोघांचा एकमेकांशी संबंधच नाही! पूर्वी दोन रात्रींत व्हायचं ते एका रात्रीत व्हायला लागलं. माझ्या बोर्डाची दुसरी खाच दिसायला लांब, पण आत चारच लेन आणि त्याही जुन्या आवृत्तीच्या. पहिल्या खाचेतून सेकंदाला सुमारे १६ जीबी जाऊ शकतात, हिच्यातून २. तरी अडलं नाही, कारण लहान केलेले फोटो पाठवायला तेवढी वाट पुरते.

हे काही माझं डोकं नाही. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तो एका राक्षसी प्रोसेसरवर नव्हे. अमेरिकेचा क्रे मिळत नव्हता, म्हणून अनेक छोटे ट्रान्सप्युटर जोडून काम वाटून दिलं. खरी करामत वाटणीत होती.

आता दोन शब्द सावधगिरीचे. १०६० एकटं १२० वॉट खातं, म्हणजे दोनांचे २४०, वर प्रोसेसर वेगळा. माझ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० छापलेलं होतं, पण लोड येताच मशीन बंद! चांगला एसएमपीएस घ्यावा लागला, तो खर्च हिशोबात धरा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दोन कार्डं चिकटून बसवली तर वरच्याला हवाच मिळत नाही. २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर बरीच झिजलेली कार्डं जुन्या बाजारात आली, तेव्हा चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नका. आणि सीयूडीए १३ ने २०२५ मध्ये या पिढीचा आधार काढला, त्यामुळे मला १२ वरच राहावं लागतं.

सरांना एक विनंती. लॅबमधली जुनी मशीन भंगारात काढण्याआधी दोन-चार आम्हाला द्या. काम कसं वाटायचं, हे पुस्तकापेक्षा त्यांवर लवकर कळेल.

आणि मित्रांनो, दुसरं कार्ड घेण्याआधी दुकानदाराला नाही, स्वतःच्या कामाला विचारा, "तुझे दोन तुकडे होतात का?" होत असतील तर जुना पीसीही खूप देतो. होत नसतील तर बापाचे सात हजार खिशातच राहू द्या. मी विचारलं नव्हतं. प्रोजेक्टने वाचवलं, एवढंच!