केर ओढणाऱ्या यंत्राचा केर

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या लहानथोरांना अभ्यंगस्नान घडते. पण त्याआधीचे पंधरा दिवस ज्याने गाद्या, गालिचे, पंखे आणि कपाटामागचे कोपरे साफ केले, त्या व्हॅक्युम क्लीनरला आंघोळ कोणी घालते का? बहुतेक घरी नाहीच. काम झाले की त्याची नळी गुंडाळायची आणि पोटातल्या केरासकट त्याला माळ्यावर चढवायचे, अशीच रीत आहे.

कोरड्या हवेच्या गावी ही रीत एखादे वेळी खपून जाईल. पण खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठी रसायनी–मोहोपाड्यासारख्या ठिकाणी ती मुळीच खपत नाही. जून ते सप्टेंबर तिथे चपलांवर बुरशी येते, ट्रंकेतल्या कपड्यांना कुबट वास येतो. मग यंत्रातल्या पिशवीची काय कथा? पिशवीत असते तरी काय? केस, कातडीचा कोंडा, कपड्यांचे तंतू आणि खाद्यपदार्थांचे कण. त्याला ओल मिळाली की बुरशी आणि जंतू यांचे आयतेच फावते. दसऱ्याला यंत्र खाली काढून बटण दाबले की तोच वास साऱ्या खोलीत पसरतो.

वासाबरोबर बुरशीचे सूक्ष्म कणही उडतात, ही खरी काळजीची बाब. घरात दम्याचे माणूस किंवा सर्दी-खोकल्याने हैराण झालेले मूल असेल, तर ज्या यंत्राने धूळ कमी व्हायची तेच त्रास वाढवते. ह्या यंत्राच्या जन्मकथेतही दमा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ ओढणारे पहिले मोठे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की घोडागाडीवरून आणून दारात उभे करीत आणि खिडक्यांतून लांब नळ्या आत सोडीत. घरात वावरेल असे हलके यंत्र मात्र अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या जेम्स मरी स्पँग्लर नावाच्या एका सफाई कामगाराने बनविले. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावे. म्हणून त्याने विजेचा पंखा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र उभे केले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले.

त्या अभ्र्यातच यंत्राचे मर्म आहे. पिशवी ही नुसती केराची टोपली नव्हे. ती गाळणी आहे. आत ओढलेली हवा तिच्यातूनच बाहेर पडते. चहाची गाळणी चोथ्याने भरली की चहा उतरत नाही, तसेच येथेही घडते. पिशवी आणि फिल्टर तुंबले की ओढ कमी होते, मोटर तापते, आणि तापलेली हवा सारा वास बाहेर फेकते.

म्हणून आधी वास ओळखावा. कुबट वास आला तर ओल आणि बुरशी समजावी. आंबूस वास आला तर अन्नाचे कण कुजले आहेत किंवा ओला केर ओढला गेला आहे. जळका वास आला तर यंत्र ताबडतोब बंद करावे. ब्रशाच्या रुळाला केस गुंडाळले असतील किंवा हवेची वाट तुंबली असेल. ते काढूनही वास राहिला तर यंत्र सरळ दुरुस्तीला द्यावे.

आता स्नानाचा विधी. सर्वांत आधी प्लग भिंतीतून काढावा. नाकाला फडके बांधून, वाऱ्याकडे पाठ करून पिशवी घराबाहेर रिकामी करावी. कागदी पिशवी पुन्हा वापरू नये. कापडी पिशवी उलटी करून झटकावी; माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच धुवावी. सुटणारा प्लॅस्टिकचा डबा कोमट पाण्याने व साबणाने धुवावा. स्पंजाचा फिल्टर पाण्यात खळबळून हलकेच दाबावा, पिळू नये. घड्यांचा कागदी फिल्टर मात्र हळूच आपटून झटकावा. ‘धुता येतो’ असे लिहिले नसेल तर पाण्यात घालू नये.

नळीत एका टोकाने गोटी सोडावी. दुसऱ्या टोकाने ती पडली नाही, तर मध्ये आकडा, शेंगदाणा किंवा कागद अडकला आहे असे समजावे. नळीत विजेची तार नसेल तर साबणाचे पाणी तिच्यातून काढून, दोन्ही टोके खाली येतील अशी ती दोरीवर टांगावी. ब्रशाला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढावेत. मोटरीच्या भागाला मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. तिचे स्नान घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसण्यापुरतेच. धुतलेले सर्व भाग वाऱ्याच्या सावलीत निदान एक दिवस वाळवावेत. हाताला कोरडा लागलेला फिल्टर आतून ओला असू शकतो, आणि ओला फिल्टर बसविणे म्हणजे बुरशीला पुन्हा आमंत्रण.

‘एवढी यातायात कशाला? पिशवीत कापूर किंवा डांबराच्या गोळ्या टाकल्या की झाले!’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. कापूर पेट घेणारा पदार्थ आहे. डांबरगोळ्यांची वाफ यंत्र घरभर फेकते, आणि रक्तातील एका विशिष्ट विकराची जन्मजात उणीव असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात.

सुवास म्हणजे स्वच्छता नव्हे, हे रसायनीकरांना तरी वेगळे सांगावयास नको. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या येथील कारखान्यात नायट्रोबेंझिन तयार होत असे. २०१७ साली केंद्र सरकारने हा कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला. नायट्रोबेंझिनला कडू बदामासारखा गोड वास येतो. एके काळी युरोपात स्वस्त साबणांना सुवास यावा म्हणून ते वापरीत. पण शरीरात गेले तर ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते! वास ही वर्दी असते. अत्तर शिंपडून वर्दी देणाऱ्याचे तोंड बंद करू नये. धुऊन वाळवूनही डब्याला थोडा वास राहिला, तर वाटीभर खायचा सोडा रात्रभर आत ठेवावा आणि सकाळी काढून टाकावा. सोडा यंत्राने ओढू मात्र नये. त्याची बारीक पूड फिल्टर तुंबवते.

हाच न्याय रांगोळीला. दगडाची ती पूड पिशवीतून पार होऊन मोटरीपर्यंत पोहोचते. रांगोळी मऊ झाडूने सुपलीत भरावी आणि जागा ओल्या फडक्याने पुसावी. उदबत्तीची राख, फटाक्यांचा कचरा, पणतीचे सांडलेले तेल हेही यंत्राच्या वाटेला जाऊ देऊ नये. निखाऱ्याची एक ठिणगी पिशवी पेटवू शकते. चिवडा-शेवेचा चुरा ओढायला हरकत नाही, पण पिशवी त्याच दिवशी रिकामी करावी. नाहीतर मुंग्या आणि झुरळे दिवाळी साजरी करतील.

पुढच्या मृगापूर्वी यंत्र पुन्हा एकदा रिकामे करावे. त्याला प्लॅस्टिकमध्ये न कोंडता सुती अभ्रा घालावा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पाच मिनिटे चालवावे. वर्षातून मोजकेच तास त्याच्या सेवेत गेले, तर घरातल्या दमेकऱ्याला श्वास घेणे तेवढे सोपे होईल.